सतरा पत्रं आणि एक दत्तोबा

— अरे हस की जरा, सूर्यभान! असा सुतकी चेहरा कायकू? हा पूर्णेचा हिम्मतराव काय लिहितो ऐक तरी — 'सिकंदराबादपासून मनमाडपर्यंत एकेक स्टेशन गायलात, मग आमचं पूर्णाच का गाळलं? जंक्शन आहे साहेब, जंक्शन!' — घे! पंचवीस वर्षं आपण दोघं गाणी करतोय, तुझे शब्द नि तुझा गळा, पेटी माझी, पण माझं स्टेशन कुठाय असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तरी मी म्हणत होतो, पूर्णा घे. मात्रेत बसत नाही म्हणालास. भोग आता. रेडिओवाल्यांनी सतरा पत्रं बांधून दिली तुझ्याकडं, एवढी कधी आली होती का आपल्याला? भूपाळी केली तेव्हा दोन, त्यातलं एक माझ्या मेव्हण्याचं. आणि हे गाणं म्हणजे काय — ना धृपद, ना अंतरा, नुसती स्टेशनांची नावं! हैदराबादचं राज्य मोडतंय पहिल्या तारखेला, मराठवाडा जातोय मुंबईकडं, आपण राहतोय तेलुगूत, त्यावर लोक भाषणं ठोकतात, आणि तू घेऊन आलास गाडीचं टाइमटेबल. मी म्हटलं, म्हातारचळ लागला ह्याला. हौ, म्हटलं होतं. आणि मग वाजवायला बसलो तर रडूच यायला लागलं मला, बेकार माणूस मी.

हे बघ, हे नारायणगुड्याचे भगवंतराव मास्तर. चार पानं! राग कोणता, थाट कोणता, आणि खाली लाल शाईनं शेरा, 'प्रयत्न बरा, पुढील वेळी अभ्यास करून यावे.' आपल्याला! साठी आली माझी! — आणि हा कोण, एकनाथराव, हा तर कहर आहे — मी मधे पेटीचा नुसता भाता हलवला ना, सूर न लावता, इंजिन दमल्यासारखं — तर ह्याला वाटलं सेट बिघडला. दोन थपडा मारल्या सेटला, मग मागची फळी खोलून बसला, तोवर तुझं जालना येऊन गेलं. म्हणतो, नुकसानभरपाई म्हणून पुन्हा लावा. लावा म्हणावं, लावा! पण ही अंबरपेठेची कोंडाबाई वाचलीस का तू? शेजारणीकडून लिहून घेतलंय. लेक जालन्याला दिलीय. जालना म्हणालात तेव्हा जात्याचा खुंटा सोडून बसले, म्हणते, तेवढं नाव अजून थोडं लांबवा, घाई का करता. — सूर्यभान, ह्या बाईपुढं तो मास्तर पाणी भरेल, खरं सांगतो.

काय? — ते? ते ठेव बाजूला. नाही, वाचायचं काय त्यात, दर गुरुवारी रेडिओवर पत्रं वाचतात, तसं तेही वाचलंच की त्यांनी, सगळ्यांनी ऐकलं. दत्तोबा म्हणे. 'गायकाचा आवाज आता फाटला, विश्रांती घ्यावी, नरहरपंतांची पेटी मात्र लाजवाब.' — असतो एखादा असा! तू कशाला मनाला लावून घेतोस? मी तर म्हटलं, नागपूरहून दीक्षा घेऊन आलास म्हणून शांत झालास. ह्या दत्तोबाची अक्कल ती काय — अंबरपेठेत किराणा आहे त्याचा, गुडघे दुखतात, बायको ऐकत नाही, म्हणून दुसऱ्यावर राग — अरे म्हणजे, मला काय माहीत, असेल असं म्हणतोय. तोंडाला येतं ते बोलतोय.

बोट कशावर ठेवतोस? तारीख? — दहा आजूर, तेराशे सहासष्ट.

...फसली.

हौ. फसली सनातली तारीख आहे. वकिलाकडं तीस वर्षं मुन्शी होतो, निजामाच्या कचेरीत हीच तारीख घालायची, निजाम गेला, फसली गेली, माझा हात काही सुधरला नाही. आता अख्ख्या शहरात पत्रावर आजूर महिना लिहिणारा मीच एक गाढव उरलो असेन. मीच लिहिलं. तू नागपुरात होतास तेव्हा लिहिलं. बघू नकोस असा! तुझ्या आवाजाला काय धाड भरलीय, पूर्वीपेक्षा खालचा सूर पक्का लागतो आता, लाज वाटली मला ते लिहिताना, खोटं नाही बोलत. पण नांदेडची ती मंडळी तुझ्या मागं लागली होती ना — या, इथं राहा, आमच्याकडं गा. त्यांच्याकडंही हाच रेडिओ वाजतो. वाटलं, ऐकतील, म्हणतील म्हातारा झाला, नक्को. मग तू राहशील इथंच. बुधवारी येशील, शनिवारी येशील, भांडशील. मी एकटा पेटी घेऊन काय करू रे? बायकोला, कुसुमला, 'सा' कुठला नि कुत्रं कुठलं कळत नाही.

पेटीची स्तुती? ती... ती ओघात आली. आता तेही धर माझ्यावर.

बोल की. शिव्या दे, पण बोल. — काय? नांदेडला नाही म्हणाला होतास? कधी? — दसऱ्याआधीच! मग सांगायचं नाही का मला? — आणि तुझ्या पाटबंधाऱ्याच्या हापिसातला तो फॉर्म, नोकरी कुठल्या राज्यात हवी ते विचारणारा, त्यात 'हैदराबाद' लिहून ठेवलं होतंस? बरं झालं की मग! छान! मग भांडण कशाचं — खोडलंस? खोडून मुंबई लिहिलंस? कधी खोडलंस?

शुक्रवारी.

गुरुवारी पत्र वाचलं त्यांनी, आणि शुक्रवारी तू — गाणंच संपलं तर इथं कशाला राहू, असं वाटलं तुला? म्हणजे तू माझ्यापायी थांबणार होतास, सूर्यभान, आणि मी —

साहेबाकडं जाऊ आपण. मी येतो, पाया पडतो, म्हणतो चूक झाली. — वर गेला कागद? शिक्का मारून?

बरं.

मंगळवारची गाडी ना? मी स्टेशनवर येणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. — खांद्यावर हात ठेवू नकोस. जा तू. जा म्हटलं ना!