फुग्याच्या मागून

सासूबाई : अगं, ही मध्येच का थांबली?

गाडी : पुढे अडथळा आहे. थोडा वेळ लागेल.

सासूबाई : कसला अडथळा? मला तर नुसतं तांबडं धुकं दिसतंय.

सून : फुगा आहे, आई. लाल. रस्त्याच्या मधोमध लोळतोय.

सासूबाई : एवढी महागाची गाडी आणि फुग्याला भ्याली? माणूस चालवत असता तर एव्हाना फटकन फोडून पुढे गेला असता.

सून : फुग्याला नाही भ्याली. फुग्याच्या मागून पोर धावत येतं, म्हणून थांबते. तसंच शिकवलंय तिला.

सासूबाई : म्हणजे हिला न आलेलं पोर दिसतंय, आणि माझ्या मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी तिकडे ताटकळायचं. तू उतर आणि कर तो बाजूला.

सून : भर रस्त्यात दार उघडायची नाही ती. बसू की दोन मिनिटं.

सासूबाई : बसू. माझं काय जातंय. तोवर मला सांग, कपाटात वरच्या फळीवर लोकरीचे पायमोजे कुणाचे?

सून : तुम्हाला दिसत नाही म्हणता ना?

सासूबाई : हाताला दिसतं. चांगले जाडजूड आहेत. आपल्या घरात एवढी थंडी कुणाला वाजते?

सून : स्वस्त मिळाले म्हणून घेतले.

सासूबाई : सूनबाई.

सून : डोंगरावरच्या नव्या रडारवर कामाला बोलावलंय. दोन वर्षं. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. मी नाही म्हणणार आहे.

सासूबाई : पायमोजे घेऊन नाही म्हणणार?

सून : पायमोजे आधी घेतले. विचार मग केला.

सासूबाई : काय विचार केलास, ऐकू तरी.

सून : तुमचा आज एक डोळा, मग दुसरा. पोराची शाळा नवी. आणि तुमच्या लेकाला अजून साधा चहा धड जमत नाही.

सासूबाई : परवा पोराला झोपवताना तू राक्षसाची गोष्ट सांगत होतीस.

सून : गोष्ट कसली, माझं कामच सांगत होते.

सासूबाई : तेच ते. शत्रू क्षेपणास्त्रातून अणुबॉम्ब सोडतो एक, आणि फसवायला त्याच्याबरोबर फुगे सोडतो ढीगभर. आभाळापार एवढ्या वर हवाच नाही, म्हणून हलके-जड सगळे सारखेच पळतात. त्यातला खरा कुठला, ते तुझं यंत्र ओळखतं.

सून : ओळखायला शिकतंय अजून. फुग्यावरच नेम धरला तर खरा खाली येतो. म्हणून तर ते नवं रडार.

सासूबाई : मग मीही शिकले की तुझ्याकडून. डोळे, शाळा, चहा. तीन फुगे सोडलेस. खरा कुठला?

सून : आई, तुम्ही पण ना.

सासूबाई : बोल, बोल. गाडी काही हलत नाही.

सून : तो मला विसरेल. केवढासा आहे अजून.

सासूबाई : विसरेल.

सून : अशा वेळी 'नाही विसरणार' म्हणायचं असतं.

सासूबाई : खोटं कशाला बोलू? तुझे सासरे बोटीवरच्या नोकरीवरून परत आले तेव्हा तुझा नवरा असाच केवढासा होता. माझ्यामागे लपला. "हे काका कधी जाणार?" म्हणून विचारायचा. चार दिवसांनी बघते तर त्यांच्याच खांद्यावर बसून माझ्यावर हुकूम सोडतोय.

सून : आणि ते चार दिवस सासऱ्यांचं काय?

सासूबाई : न्हाणीघरात नळ सोडून बसायचे. बाहेर आले की म्हणायचे, डोळ्यात साबण गेला. गेलोच नसतो तर बरं, असं मात्र कधी म्हणाले नाहीत.

गाडी : कृपया बसून राहा. रस्त्यावर लहान मूल आहे.

सून : आली बघा. एवढीशी चिमुरडी, एकाच पायात चप्पल. मागून बाप पळतोय.

सासूबाई : खरंच आली? म्हणजे आपल्या दोघींपेक्षा गाडीच शहाणी. मिळाला का तिला फुगा?

सून : मिळाला. आपल्याला दाखवतेय.

(गाडी चालू लागते.)

सासूबाई : तुझ्या त्या यंत्राला येतं का असं थांबून बघता?

सून : तिथे थांबायला वेळच नसतो, आई. बघताबघता सगळं आटोपतं.

सासूबाई : मग कुणीतरी आधीच जाऊन त्याला नीट शिकवलेलं बरं. आपलं पोरही त्याच आभाळाखाली खेळणार आहे.

सून : ऑफिस वाटेतच आहे. आधी तिकडे वळवू का गाडी? येते म्हणून सांगून टाकते.

सासूबाई : नको, आधी माझे डोळे. तू परत येशील तेव्हा घरात एकीने तरी तुला दारातच ओळखायला हवं.