वीस प्रश्न आणि जनीमावशी

मुलीला सांभाळायला एजन्सीची बाई नको, इथलीच शोधायची, मानाने ठेवायची, असं मी गावी परत येतानाच ठरवलं होतं. नवऱ्याने तरीही मुंबईच्या एका एजन्सीत नाव घातलंच. मला वाटलं होतं, मी विचारीन आणि बाई उत्तरं देईल. वीस प्रश्न लिहूनही काढले होते. झालं भलतंच.

सोमवारपासून तलासरीच्या शाळेत माझी नोकरी सुरू होणार होती. शेजारच्या झरी गावाहून जनीमावशी कामाचं बोलायला आल्या. पिशवीतून जुनं लुगडं काढलं, चिकूच्या फांदीला झोळी बांधली आणि रडणाऱ्या मुलीला आत निजवलं.

"हां बाय, आता विचार."

"तुम्हाला अनुभव किती?"

झोळी जात होती, येत होती. पानांतून ऊन हलत होतं. मावशी काहीतरी गुणगुणत होत्या. उत्तर ऐकायच्या आधीच माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. मुलगी गाढ झोपली होती आणि मावशी माझ्याच प्रश्नांच्या कागदाने माझ्यावरच्या माश्या हाकत होत्या.

"पोर लगेच निजली. तुझीच झोप लय दिवसांची राहिलेली."

"मग सोमवारपासून येणार ना?"

"बघते. तू कशी आहेस, ते पाड्यात विचारते आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी एजन्सीचा फोन आला. "मॅडम, बाई तयार आहे, पोलीस पडताळणी झालेली. पाठवू?"

"नको," मी म्हणाले.

"दुसरी ठरली का?"

"माझ्याकडून ठरली. त्यांच्याकडून माझी चौकशी चालू आहे."