मानपत्रातली सातवी ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हंबीरराव साहेब, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या वर्षाराणीताई, क्रांतीच्या मातोश्री बयाबाई, आमच्या ज्युदो केंद्राचे आजी-माजी खेळाडू आणि राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळवून इथवर पोचलेले सर्व क्रीडाप्रेमी,

क्रांती आज स्पर्धेतून निवृत्त होते आहे. सोळा वर्षं हातकणंगल्याहून येऊन तिनं माझ्याकडं ज्युदो केला, त्यातली शेवटची दहा वर्षं सुमोही. तिच्या वजनगटात इथं जोडीला मुलगीच नव्हती, म्हणून सुमोची कल्पना मीच काढली. कपड्यांवर जाड पट्टा बांधलेला तिचा पहिला फोटो बघून बयाबाई म्हणाल्या होत्या, “अगं, कमरेला येवढं काय गुंडाळलंस? थंडी वाजतीया व्हय?” हसा, हसा. त्या तेव्हाही हसल्या नव्हत्या.

आता मानपत्राकडं येतो. मघाशी ते वाचून दाखवलं गेलं. त्यात सातवी ओळ अशी आहे : “ऐनवेळी धीर सुटल्यानं परदेशातील स्पर्धेची संधी हुकली, तरी त्या खचल्या नाहीत.” लिहिणाऱ्याचा दोष नाही. त्यानं जुनं कात्रण बघून लिहिलं. पण त्या कात्रणात ते आलं कुठून?

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. राष्ट्रीय सुमो स्पर्धेची अंतिम लढत. जिंकणारी भारतीय संघात जाणार होती. समोर हरियाणाची तगडी मुलगी सगळं अंग टाकून रेटत होती आणि क्रांती तिला थोपवून उभी होती. तेवढ्यात रिंगणाबाहेरून कुणीतरी ओरडलं, “मागं घे, क्रांती!”

तो मी होतो.

ज्युदोत मी तिला हेच शिकवलं होतं. समोरची जोर लावून आली की एक पाऊल मागं घ्यायचं, तिचाच जोर ओढायचा आणि आपटायचं. पण सुमोत पाय रिंगणाबाहेर टेकला की लढत संपली. तिच्या टाचेमागं चार बोटं जागा होती, आणि माझ्या डोक्यात ज्युदोची गादी. तिनं पाऊल मागं घेतलं. हरियाणाची मुलगी तोंडावर आपटली खरी, पण क्रांतीची टाच आधीच रिंगणाच्या दोरापलीकडं टेकली होती. पंचांनी हात दुसऱ्या बाजूला केला.

मी रागानं विचारलं, “मागं का गेलीस?”

ती म्हणाली, “तुमचा आवाज आला, सर. मग पाय माझं ऐकतोय व्हय?”

म्हणजे चूक कुणाची ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी कोल्हापूर स्टेशनवर पत्रकारानं विचारलं तेव्हा मी बोलून गेलो, “पोरीनं ऐनवेळी धीर सोडला.” ती बॅग घेऊन शेजारीच उभी होती. माझ्याकडं एकदा बघून ती म्हणाली, “सर, रिक्षा सांगू का?”

पुढं दोनदा संघनिवडीच्या बैठकीत तिचं नाव आलं. दोन्ही वेळा कुणीतरी म्हणालं, “ती? दबावात टिकत न्हाय.” दोन्ही बैठकांना मी हजर होतो. चहा पीत होतो.

तिनं हे आजवर कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखी सरावाला आली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

क्रांती, बस खाली. आज मला अडवू नकोस. अध्यक्ष महोदय, एक विनंती आहे. मानपत्र चौकटीतून काढावं लागलं तरी चालेल, पण तिच्या हातात देण्यापूर्वी सातव्या ओळीतले “ऐनवेळी धीर सुटल्यानं” हे शब्द खोडावेत. त्या जागी लिहावं, “प्रशिक्षक जोतीराम यांच्या चुकीमुळं.” शाईचा डाग दिसेल. दिसू दे.

संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. आजच्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं ते पोटात घालावं. नऊ वर्षांपूर्वीचं मात्र कुणी घालू नये. तेवढं एकटीनं पोटात घालून क्रांती खूप दिवस जगली आहे.