रविवारच्या टेबलावरचं मराठी

"हॅलो?… हॅलो! कोण, लीना? अगं, मोठ्याने बोल, मागे केवढा गोंगाट आहे!… हॉटेलातूनच? जेवण सोडून फोन कसला करतेयस?"

वृंदाने रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबून धरला. एका हातात कडुनिंबाची डहाळी होती, लेकीच्या उशाशी ठेवायला आणलेली.

"हो, स्मिताचा ताप उतरलाय, अंगावरचा गोवर आहे अजून… माधव दौऱ्यावर, मग मी कशी येणार? शैलाला मात्र किती सांगितलं, तू तरी जा लीनाबरोबर, श्यामकांत असतील… नाही म्हणाली. डोकं दुखतंय म्हणे… काय? अगं, रडतेयस की हसतेयस?"

दर रविवारी दुपारी पार्क स्ट्रीटवर त्यांचा कंपू जेवायला जमायचा. बदली होऊन कलकत्त्याला आलेली, बँकांतली आणि सरकारी खात्यांतली मराठी मंडळी. पुरुषांना बियर, बायकांना लेमोनेड घालून पातळ केलेली शँडी, समोर बँड, आणि जिभेला पूर्ण मोकळीक. कारण आपलं बोलणं त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाला कळत नाही, याची सगळ्यांना खात्री होती.

"श्यामकांतांनी कुणाला आणलं?… आपल्या टेबलापाशी?… ती गाणारी? सोनेरी झग्यातली? इश्श, कशाला?… थांब, थांब. काय म्हणाले?… परत सांग… 'ही माझी बायको'?"

डहाळी खाली पडली.

"बायको म्हणजे… लग्नाची?… रजिस्टर? दोन वर्षांपूर्वी?… लीना, थट्टा असेल तर आत्ताच सांग हं, रात्रभर जागी आहे मी… तुझ्या मनोहररावांना दे बघू फोन… डोकं धरून बसलेत? ते का?"

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. वृंदाने आवाज एकदम खाली आणला. शैला तिची धाकटी नणंद, माधवची बहीण. श्यामकांतांशी जमवायचं म्हणूनच वृंदाने तिला पुण्याहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. चांगल्या हुद्द्यावरचा, निर्व्यसनी, एकटा राहणारा माणूस. लग्नाचा विषय काढला की श्यामकांत खाली बघून हसायचे. वृंदाने ते हसू होकाराच्या खात्यात टाकलं होतं.

"हळू बोल, शैला आत आहे… छे, तिला काय माहीत असणार! पोर संध्याकाळी त्यांच्याबरोबर लेकच्या काठावर फिरायला जाते गं… मी पुण्याला अण्णांना कळवून बसलेय, ते तिकडे लेकीच्या लग्नाला कार्यालय बघताहेत!… केसाने गळा कापला की गं… हो, त्यांच्या आईला हृदयविकार आहे, ठाऊक आहे. म्हणून काय बायको लपवायची? आई साताऱ्याला, हे इथे, आणि फसलो आम्ही!"

पलीकडून लीना भराभर सांगत होती. वृंदा नुसती "हं… हं…" करत होती. मध्येच ती थांबली.

"ती बोलली? इंग्रजीत?… मराठीत? श्यामकांतांनी शिकवलं असेल… भुसावळची? कशी असेल भुसावळची, नाव डॉरीन तिचं… रेल्वे कॉलनीत. बाप इंजिन ड्रायव्हर… म्हणजे लहानपणापासून तिला मराठी…"

बँडच्या अगदी पुढ्यातलं टेबल त्यांचं. त्या बाईचा गळा, तिची कंबर, तिचे नसलेले यार, सगळं तिथे बसून मोजून झालं होतं. त्यात वृंदाचा हात धरणारं कुणी नव्हतं. 'म्हैस सोन्याच्या पाण्यात बुडवून काढावी तशी दिसते,' हे गेल्याच रविवारचं. सगळे हसून हसून लोळले होते. श्यामकांत तेवढे सिगारेट आणायला उठले होते.

"लीना… ते म्हशीचं… ऐकलं असेल का गं तिने?… काय? सगळ्यांसमोर? माझं नाव घेऊन?… 'वृंदाताई आल्या नाहीत का आज? त्यांच्या उपमा फार सुरेख असतात'… देवा!… रागावून?… हसत? अगं, रागावली असती तर परवडलं असतं."

तेवढ्यात शैला दारात आली.

"लीनाताईंचा ना फोन?"

वृंदाने रिसीव्हरवर हात ठेवला. "काही नाही गं. तू जा आत, स्मिता उठेल."

"आणलं त्यांनी तिला?"

"तुला… तुला ठाऊक होतं?"

"बुधवारी सांगितलं त्यांनी, लेकवर. मी म्हटलं, मला सांगितलंत तसं रविवारी सगळ्यांना सांगा. नाहीतर मी सांगेन."

शैलाच्या पापण्या सुजल्या होत्या. बुधवारपासून सुजलेल्याच होत्या. वृंदाला वाटलं होतं, माहेर आठवत असेल. लग्न ठरायच्या वेळी पोरी हळव्या होतातच.

"लीना… अगं, हिला माहीत होतं… हिनेच त्यांना…" शैलाने तिच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"लीनाताई, मी शैला… हो, बरी आहे… रडले ना, भरपूर रडले… नाही हो, त्यांनी मला कधी शब्द दिला नव्हता. तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत, आणि मला ते आवडलं… ते राहू दे आता. ती कुठे आहे?… उभी? अजून?… आणि श्यामकांत?… तेही उभेच. बाकी तुम्ही सगळे बसलेले?… बसा म्हणालं का कुणी तिला?"

शैलाने रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"मनोहररावांना कशाला विचारायचं? तुम्हीच जा… नाही, माझी बाजू घेऊन कुणी तिच्याशी भांडू नका. मला नकोय ते… लीनाताई, इतके महिने तुमच्यासमोर उभी राहून ती सगळं ऐकत गातेय. आज नवऱ्याबरोबर आलीय. खुर्ची ओढा, बसवा, काय जेवणार विचारा… हो, मराठीतच विचारा… जाताय? जा. मी धरते फोन."

लीनाने रिसीव्हर तिथेच काउंटरवर ठेवला असावा. शैला एक बोट कानात घालून ऐकत राहिली.

"काय चाललंय?" वृंदाने कुजबुजत विचारलं.

शैलाने हातानेच थांबा म्हटलं. मग तिच्या कपाळावर आठी आली.

"हॅलो?… हॅलो! लीनाताई?… हॅलो?"

दोनदा खटका दाबून पाहिला आणि तिने फोन खाली ठेवला.

"बसवलं का गं तिला?"

"कळलं नाही. लाइनच गेली." शैलाने खाली पडलेली डहाळी उचलून वृंदाच्या हातात दिली. "वहिनी, अण्णांना मी कळवेन. तुम्ही नका घाबरू. आणि पुढच्या रविवारी स्मिताला बरं असेल तर आपण दोघी जाऊ."

"मी? त्या बाईसमोर? शैला, अगं कुठल्या तोंडाने?"

"ज्या तोंडाने म्हैस म्हणालात त्याच," शैला म्हणाली, पण तिचा आवाज चिरकला, आणि ती वळून आत गेली.

स्वयंपाकघरातला नळ जोरात सुरू झाला. धुवायला भांडी उरलेली नव्हती, तरी तो बराच वेळ वाहत होता.