मायनिंगमधला माणूस

शपथेवर सांगतो, हा किस्सा शंभर टक्के खरा आहे. बरं, नव्वद धरा. मारतहळ्ळीला क्रिप्टोवाल्यांचा मेळावा होता. आमची सायली तिथे नोकरीसाठी ओळखी काढायला निघाली आणि जेवण फुकट आहे कळल्यावर मीही निघालो. गाडीतच तिने बजावलं, "बाबा, अशा ठिकाणी जास्त ऐकायचं आणि कमी बोलायचं. प्लीज!"

मी बराच वेळ ऐकलं. एक अक्षर कळलं नाही. तेवढ्यात ज्या कंपनीवर सायलीचा डोळा होता, तिचाच शेंडीवाला मालक आमच्याकडे आला आणि त्याने मलाच विचारलं, "सर, आप किस लाइन में?"

"मायनिंग," मी म्हणालो. सरकारी कारखान्यात खाणीचे डंपर बनवण्यात माझी हयात गेली, त्यात खोटं काय? कॉम्प्युटरवर नाणी पाडण्यालाही मायनिंगच म्हणतात, हे मला कोण सांगणार!

"कब से?"

"नाइन्टी-सिक्स से."

तो चाटच पडला. "सर, तब तो बिटकॉइन था ही नहीं!"

"लोहा था ना, बळ्ळारी में," मी म्हणालो. "आपका डंपर कितने टन का है?"

तो इतका हसला, की त्याने सायलीला जागच्या जागी नोकरी दिली.

आता ही नोकरी मात्र मी पदरची घातली. खरं म्हणजे त्याने तिला विचारलं, "ये आपके साथ हैं?"

माझी पोटची पोर शांतपणे म्हणाली, "नहीं तो. कोई अंकल हैं."