आमची आळी कंट्रोलमधे

...आन् वर मलाच म्हणत्यात, काका, तुमी अभ्यास बिघडवला! मी? आवो, शाळेत असताना जो मुळात झालाच न्हाई, तो आता बिघडंल कसा?

तुमास्नी सांगतो, हे आमचं माण गाव, आयटी पार्काच्या शेजारचं. शेतं गेली आयटीत, आमी बांधल्या खोल्या. भाडेकरू पोरं भाडं मोबाईलवर टाकत्यात, म्हंजी भाडं मागायलासुदिक जिना चढायला नको. बसून बसून समद्या गावाला शुगर! मग आलं एक फाउंडेशन. लई दानशूर. त्यांची ऋतिका म्याडम, पुण्याची, गोड बोलायची. बोट टोचलं, मोबाईलमधी कायतरी बघितलं आन् म्हणली, "काका, तुम्ही कंट्रोलमध्ये आहात."

कंट्रोलमधे! डॉक्टर इतकी वर्सं बोंबलतोय, बायको चंद्रकला भात चमच्यानं वाढतीया, आन् ही पोरगी एका टोचणीत...! मी आख्ख्या आळीला पेढे वाटले. उरलेले सोता खाल्ले. शुगर कंट्रोलमधे हाय म्हणल्यावर भ्यायचं कुणाला?

आन् बघतो तर काय, वरच्या आळीतल्या गेणबाच्या दारात रोज सकाळी एक मास्तरीण! त्याला चालायला नेतीया, काय खायचं ते सांगतीया, गोळ्या घरपोच! गेणबा, जो पानटपरीवर बुलेटनं जायचा! मी म्याडमला गाठलं. म्हणलं, "आमची मास्तरीण कुटंय?"

"काका, चिठ्ठ्या टाकून आळ्या निवडल्या. वरच्या आळीला मदत. तुमची कंट्रोल. म्हणजे तुम्हाला काही द्यायचं नाही, फक्त मोजायचं. मग दोन्हींतला फरक दाखवायचा."

"दाखवून?"

"शासनाला पुरावा मिळेल, धोरण होईल, मग सगळ्या तालुक्याला गोळ्या!"

"आन् तवर माज्या पायाचं?" आवो, तळपायाला मुंग्या येत्यात, चप्पल निसटली तरी कळत न्हाई मला! तर म्हणती, "तुमच्या डॉक्टरांकडे जा ना. आमचा निधी संशोधनाला आहे, काका." पोरगी भली हाय, तिचा काय दोस... पन कंट्रोलमधे हाय ती माजी शुगर न्हवं, आमची आळी!

चंद्रकला रडली ओ. लई घाबरली. मग डोळं पुसून म्हणली, "आवो, गेणबाभावजींच्या मागनं चाला की. रस्ता काय फाउंडेशनचा हाय?" चाललो! फुडं मास्तरीण, मागं गेणबा, त्याच्या मागं मी, आन् माज्या मागं आमची आख्खी आळी! गेणबा पाणी प्यायला थांबला की आमीबी थांबायचो. गेणबाचा भात सुटला, आमचाबी सुटला.

परवा बोट टोचलं. शुगर उतरलेली! खरोखरची कंट्रोलमधे! मी नाचायच्या बेतात, आन् म्याडमचं तोंड एवढंसं. "काका, तुमच्या आळीचीही उतरली? अहो, मग फरकच दिसत नाहीये! आमचा सगळा अभ्यासच बिघडवलात तुम्ही! फरक नसला तर फाउंडेशन म्हणेल, उपक्रमाचा उपयोग नाही. पुढचा निधी बंद!"

झालं! गेणबा आला वरडत, "घरी बस की लेका! तुज्यापायी माजी मास्तरीण जाईल, समद्या तालुक्याच्या गोळ्या जातील!" गेणबा फाटकात उभा, म्हणतोय तालुका आधी. चंद्रकला दारात उभी, म्हणतीया पाय आधी. आन् मी मधी, बूट हातात घिऊन.

येणारा जाणारा माजी समजूत घालतोय, "जाऊ द्या तात्या, चालायचंच!" आवो, चालायचंच काय? तेवढंच तर करू नको म्हणत्यात!