चार मिनिटं फाटकापोटी

हॅलो?… हॅलो, शिरूर? ताई, झालो! पर्मनंट झालो! तीन तासाच्या आत आलो, सायबांनी सही केली, आता मला कुणी हलवू शकत न्हाई!… हॅलो?

…कोण?

…आप्पा?

जय भीम, आप्पा. …न्हाई, न्हाई. काही झालो न्हाई. …वरडलो न्हाई, लाईन खराब हाय, ती वरडती. …पर्मनंट? ते फेब्रुवारीतच झालो की. तीच बातमी परत सांगत हुतो. …व्हय, पाच महिन्यांनी. चांगली बातमी हाय, म्हणून परत सांगितली. …तीन तास? कसले तीन तास?… असं म्हणालो? इंजन पुसायला लागतात तीन तास. आज लवकर पुसलं.

तुम्ही दवाखान्यात कसं काय? …गुडघा. …आखाडाचं वारं सुटलंय ना, गुडघे धरणारच. …माझे कशाला धरतील? मी आपला दिवसभर शेडात उभा. …धाप? धाप न्हाई लागली. पोस्टात आलोय दौंडच्या, इथं हवाच कमी हाय. …ताई कुठंय? …पट्टी बांधतीय. बांधून झाली की द्या तिच्याकडं. …व्हय, जेवलो. …साडेअकराला, व्हय. रेल्वेत सगळं लवकर असतं.

द्या. …व्हय, द्या.

ताई? अगं, फोन आप्पा उचलतील हे आधी सांगायचं न्हाई का? …फोन वाजायच्या आधी कसं सांगशील, ते बी खरंय. डॉक्टर कुठंयत? …व्हिजिटला. आन् आप्पा आता कुठं बसलेत? …बाकड्यावर. किती लांब? …चार हात? मग हळू बोल. आन् मधनंमधनं काहीतरी दवाखान्यासारखं बोल मोठ्यानं. …“दिवसातनं तीनदा, जेवल्यावर” म्हण. …हां. शाबास.

व्हय. झालो. …आईशप्पत झालो. एकतीस जुलैला घरी पाठवणार हुते, ते आता अठ्ठावन्न वर्षांचा झाल्यावर पाठवतील.

…ताई? …अगं रडू नको. पेशंट घाबरतील. …इंजेक्शन बघून रडले म्हण. …तूच देतीस इंजेक्शन, ठाऊकाय मला. तरी म्हण.

हां, ऐक. घड्याळात किती झाले ते आधी सांगतो, मग वरडू नको. तीन तास तीन मिनिटं.

…अगं ऐक ना.

…अगं—

…ऐक ना गं! शर्यत तीन तासांच्या आत पळंल त्यालाच कायम करणार, ही सायबांची अट मला माहिती हाय, पळत मी हुतो. …खोटं न्हाई बोलत. …ह्या वेळेला न्हाई बोलत. फेब्रुवारीतलं काढू नको आता. तवा आप्पा खाटेवर हुते, तुझे डॉक्टर म्हणाले, पेशंटला आनंदात ठेवा. तू गोळ्या दिल्यास, मी कार्ड टाकलं… कायम झालो म्हणून. दुसऱ्याच्या जागी, चार महिन्यांपुरता बदली खलाशी लागलो असं लिहून कोण बरं झालंय? आप्पा तर आठव्या दिवशी उठून बसले. …व्हय, आन् नवव्या दिवशी सगळ्या आळीला सांगून आले. ते मी न्हाई सांगितलं त्यांना.

तेच तर. चौकीदारापासनं पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना माहिती, मच्छिंद्र पर्मनंट. फक्त रेल्वेला माहिती न्हाई. एकतीस जुलैला मी वळकटी घेऊन शिरूरला उतरलो असतो, तर आप्पा कुणाला तोंड दाखवणार हुते? त्याच्या भ्यानं पळलो मी. बक्षीस बादली हुती. बादलीसाठी कोण पळतंय बेचाळीस किलोमीटर?

…पळतो. बन्सी पळतो. फिटर बन्सी, मागं माझ्याबरोबर घरी आला हुता बघ, दारातनं आडवा आत आलेला. तो कायमच हाय, त्याला खरंच बादली पाहिजे हुती.

सहाला सोडलं आम्हाला. दौंडातनं पाटस, तिथनं हायवेनं कासुर्डीच्या अंगानं, वरवंडच्या पुढं एक पिंप मांडलेलं, त्याला वळसा घालून परत. …वारं? वारं विचारू नको. जाताना तोंडावर. एक किलोमीटरचा दगड दिसला, तर मी त्याच्याशेजारी इतका वेळ पळत हुतो की शेवटी त्याच्यावरचं सगळं पाठ झालं. छातीवरचं नंबराचं कापड उडालं, ते एका शेरडीच्या शिंगात. शेरडी सतरा नंबर झाली. …न्हाई, ती पळाली न्हाई. ती शहाणी हाय. कापड काढून घेतलं तिच्याकडनं, त्यात वीस सेकंद गेली. …व्हय, धरलेलं आत्ता बी हाय हातात.

मग मी बन्सीच्या मागं गेलो. बन्सी म्हंजी भिंत. त्याच्या मागं वारंच न्हाई, वाटलं तर काडी ओढावी. ठरलं असं, की एक किलोमीटर त्यानं पुढं, एक मी. पर दगड मोजायचं काम माझ्याकडं. …आता पळताना मोजण्यात जरा मागंपुढं होतं माणसाचं. …चार-पाच किलोमीटर झाले असतील त्याचे. …मी कशाला लबाड? तो एकदा वळून म्हणाला, “मच्छ्या, हा किलोमीटर लई लांब हाय रं.” मी म्हणालो, वाऱ्यानं ताणलाय.

कोण? …हॅलो? …व्हय ऑपरेटर, तीन मिनिटं झाली, कळलं. वाढवा. …वाढवा हो, अजून मी दौंडला पोचलो न्हाई. …न्हाई, दौंडलाच हाय, गोष्टीत पोचलो न्हाई. वाढवा.

ओ मामा, झालंच माझं. तुमची तार कुठं जायचीय? …साताऱ्याला जाईल की, सातारा कुठं पळतंय.

ताई, हायेस? …हां. पिंपाला वळसा घातला तवा सात सदतीस झालेले. म्हंजी अर्ध्यातच सात मिनिटं बुडालो. पर वळलो आन् वारं पाठीला. अगं, मी पळत नव्हतोच, मी नेला जात हुतो. पाय फक्त जमीन हाय का बघायला खाली टाकायचे. बन्सी तर शीड झालेला. पाटस गेलं, ऊस गेला, आठ पंचावन्नला दौंडचं फाटक दिसलं. एकच किलोमीटर राहिलेला. चार मिनिटांचं काम. आठ एकोणसाठला आत. मनात म्हणालो, आप्पा, वाचलो.

आन् फाटक पडलं.

…पडलं म्हंजी बंद झालं. मालगाडी.

…मी बी तेच म्हणालो, ते फोनवर सांगता येत न्हाई.

बन्सी थांबलाच न्हाई. दांडीखालनं वाकला आन् गेला रूळ ओलांडून, इंजन अजून लांब हुतं. मला म्हणाला, “ये की!” …मी? मी उभा राहिलो. …व्हय, उभा. …कसा जाऊ? बंद फाटकाखालनं रेल्वेचा माणूस गेला की चार्जशीट, आन् बदलीवाल्याला तर चार्जशीट बी न्हाई, सरळ घरी. वर गेटमन गेणबा समोर. त्याला म्हणालो, गेणबा, जाऊ दे, माझी नोकरी हाय पलीकडं. तो म्हणाला, “पोरा, तुमचं पळणं खेळातलं, फाटक खरं हाय.”

अठ्ठावन्न डबे, ताई. एकेक मोजला. तिसाव्या डब्यापर्यंत मला वाटत हुतं जमेल. चाळीसला वाटलं, आप्पांना काय सांगायचं. पन्नासच्या पुढं तर काहीच वाटलं न्हाई, नुसतं मागनं वारं ढकलत हुतं, जा, जा म्हणत, आन् मी फाटकाला धरून उभा. शेवटचा डबा गेला, त्यातला गार्ड मला हिरवा झेंडा दाखवून गेला. त्यानं सवयीनं दाखवला असंल, पर मला लई लागलं ते.

फाटक उघडलं, आठ एकोणसाठ. आत गेलो, नऊ तीन. बसलो मातीत. …रडलो न्हाई. …थोडंसं. वाऱ्यानं वाळलं लगेच.

आता ऐक, वेळ लिहायला कोण हुतं? सोपानराव. …अगं, ते गार्डसायेब, सव्वीस वर्षं नोकरी झालेले, झोपेत बी शिट्टी खिशात. त्यांना सायबांनी सांगितलं, वेळा लिहा. आता गार्ड वेळ कशी लिहिणार? गाडीची लिहितो तशीच. त्यांनी आपली गार्डाची वही उघडली आन् आमची एकेकाची गाडी केली. दौंड सुटली सहा शून्य शून्य. वरवंड सात सदतीस. आन् गाडी लेट झाली की गार्डाला लिहावंच लागतं, किती मिनिटं कुणापायी गेली. इंजनापायी किती, सिग्नलापायी किती. ज्याचं त्याच्या नावावर.

तर माझ्यापुढं लिहिलं, “फाटक बंद, चार मिनिटं. इंजनाचा दोष न्हाई.”

…इंजन म्हंजी मी.

…अगं व्हय! वजा केली! नऊ तीनमधनं चार गेली, आठ एकोणसाठ! सायेब म्हणाले, अहो सोपानराव, ही शर्यत हाय. सोपानराव म्हणाले, “सायेब, गाडी फाटकावर आम्ही थांबवायची आन् दंड ड्रायव्हरला, असं सव्वीस वर्षांत लिहिलं न्हाई. वही बदलायची असंल तर तुम्ही लिहा, मी सही करत न्हाई.” आता गार्डाच्या वहीत हात घालायची छाती कुठल्या सायबाची हाय? त्यांनी बघितलं आन् केली सही.

मी हळूच विचारलं, जातानाच्या वाऱ्याची बी काही मिनिटं वजा हुतील का. सोपानराव म्हणाले, “येताना तेच वारं मागं लावलं हुतंस ना? घाटात मागं दुसरं इंजन लावतात तसं? गप बस.”

…बन्सी? पहिला आला. चार मिनिटं आधी. बादली मिळाली, आन् बादलीत मेमो. बंद फाटक ओलांडलं म्हणून. …न्हाई, नोकरीला काही न्हाई, लेखी खुलासा द्यायचाय. खुलासा मीच लिहून देणार हाय. तेवढं देणं लागतोच मी त्याचं, इतके किलोमीटर त्याच्या पाठीमागं राहिलोय.

…काय? …मोठ्यानं बोललीस? काय बोललीस मोठ्यानं? …“इंजनाचा दोष न्हाई” असं? अगं, दवाखान्यात ते कुठल्या रोगाला म्हणतात?

…आप्पा काय म्हणाले? …उठले? …इकडं येतायत? नको, ताई, नको देऊ. ठेव फोन. लाईन तुटली म्हण. ताई—

…व्हय आप्पा.

…व्हय. …न्हाई, पाय बरेत. …दोन फोड. …पाण्यात ठेवीन. …मीठ टाकून, व्हय.

…आप्पा, मी तुम्हाला सांगणारच हुतो—

…कधी? …मार्चमध्ये? तुम्ही दौंडला आला हुतात? …मग भेटला का न्हाई? …शेडाच्या दारात फळा बघितला. …व्हय. बदलीवाल्यांची नावं त्याच फळ्यावर असतात. …व्हय, माझं चौथं हुतं.

…म्हंजी तवा गेटवर माझ्यासाठी घरच्या भाकरी ठेवून गेले, ते तुम्ही? मला वाटलं, ताईनं शिरूरच्या एसटी ड्रायव्हरकडनं धाडल्या.

…आप्पा, मार्चपासनं ठाऊक हुतं, तर आळीत सांगायचं थांबला का न्हाई? परवा परवापर्यंत सांगत हुता तुम्ही. ताईनंच लिहिलं हुतं मला, गिरणीत सांगितलं म्हणून.

…

…काय म्हणालात, आप्पा?

…व्हय, ऐकतोय. …“पोरानं लिहिलं हुतं, म्हणून मी बोलत राहिलो.” …व्हय, आप्पा.

…न्हाई, लाईन खराब हाय. …न्हाई, खरंच लाईन.

…आता? आता काय करायचं राहिलं? …अर्ज? आप्पा, तीस वर्षं कचेरीत पट्टेवाला हुता तुम्ही, तुमच्या हातनं किती अर्ज आत गेले, किती मंजूर झाले? …नऊ. बरं. मग करू. …आत्ताच? …व्हय, पोस्टात पेन हाय, दोऱ्याला बांधलेलं. कागद… नंबराचं कापड हाय. मामा, जरा टेकू द्या तुमच्या पाठीवर. …तार जाईल हो.

सांगा. …“मेहेरबान साहेब यांचे सेवेशी.” लिहिलं. …“अर्जदार मच्छिंद्र कोंडिबा, राहणार शिरूर, हल्ली मुक्काम दौंड.” …लिहिलं. …“विषय, नेमणुकीची तारीख मागे नेणेबाबत.” …आप्पा, देत न्हाईत हो असं कुणाला. …बरं, बरं. लिहितो.

…“अर्जदार आज दिनांक अकरा जुलै एकोणीसशे सत्त्याहत्तर रोजी कायम झाला असून…” …व्हय, असून. …“परंतु सदर बातमी अर्जदाराचे वडिलांनी बारा फेब्रुवारीपासून जाहीर केलेली असल्याने…”

…थांबा आप्पा. ऑपरेटर, तोडू नका, सरकारी काम चाललंय. …पुढचं मी सांगतो, तुम्ही ऐका. न्हाई, तुम्ही बसा बाकड्यावर, गुडघा धरलाय तुमचा. बसलात? ऐका. “सबब, अर्जदाराची नेमणूक बारा फेब्रुवारीपासून धरण्यात यावी, आणि त्या दिवसापासून आजतागायत अर्जदाराचे वडील शिरूर मुक्कामी जे जे बोलले ते सर्व खरे होते, असा दाखला रेल्वेच्या शिक्क्यानिशी त्यांना घरपोच द्यावा, ही नम्र विनंती.”